भिंत काळी का पडते, आणि ती कशी धुवावी?

पुण्यात पाऊस ओसरला, ऑक्टोबरचे ऊन पडू लागले, की इमारतींच्या अंगावर पावसाळ्याने काढलेल्या रेघोट्या ठळक दिसू लागतात. गच्चीच्या कठड्यावरून खाली ओघळलेले काळे पट्टे, छज्ज्यांच्या कडांना जाड काळी किनार, सांडपाण्याच्या पाइपाभोवती हिरवट डाग. दिवाळी तोंडावर आलेली असते. सोसायटीच्या सभेत विषय निघतो. कोणी जेट मशीनवाल्याचे नाव सुचवतो, कोणी म्हणतो ॲसिड मारले की भिंत नवी दिसते. दोन-तीन दरपत्रके येतात आणि सर्वांत कमी दराचे मंजूर होते. भिंतीवरचा काळा थर नेमका कशाचा आहे, हे मात्र या चर्चेत सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक भिंत कशी धुवायची हे त्यावरच ठरते.

बहुतेकांची समजूत अशी, की हा गाड्यांचा धूर आणि धूळ. ही समजूत अगदीच निराधार नाही. लंडनच्या इमारती एके काळी खरोखरच कोळशाच्या काजळीने काळ्या झाल्या होत्या. १९५२च्या जीवघेण्या धुरक्यानंतर तिथे १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि त्यानंतर सेंट पॉल कॅथीड्रलसारख्या वास्तू धुऊन निघाल्या, तेव्हा त्यांचा मूळ फिकट रंग पाहून लोक चकित झाले. पुण्यातही भर रस्त्यावरच्या इमारतींवर काजळी बसते. पण धूर आणि धूळ हेच एकमेव कारण असते, तर काळेपणा सगळ्या भिंतीवर सारखा पसरला असता. रहदारीपासून दूर असलेल्या टेकडीजवळच्या बंगल्यांवर तो दिसलाच नसता. तसे होत नाही. काळेपणा पाण्याच्या वाटेने जातो. जिथून पाणी ओघळते तिथे तो असतो, आणि छज्ज्याखालचा कोरडा भाग पांढराच राहतो.

कारण हा थर मुख्यतः सजीवांचा आहे.

भिंतीवरचे रान

ओल्या भिंतीवर सर्वांत आधी वस्तीला येतात ते नीलहरित जीवाणू. पूर्वीची पाठ्यपुस्तके यांना नीलहरित शैवाल म्हणत. त्यांना माती लागत नाही. पाणी, उजेड, हवा आणि भिंतीवर बसलेल्या धुळीतले थोडे क्षार एवढ्यावर त्यांचे भागते. त्यांच्यातले काही हवेतला नायट्रोजनही स्वतःच वापरात आणतात. मग ते काळे का दिसतात? यांच्यातल्या अनेक जातींच्या पेशींभोवती एक बुळबुळीत आवरण असते आणि त्यात सायटोनेमिन नावाचे तपकिरी-काळे रंगद्रव्य साठते. हे रंगद्रव्य अतिनील किरण शोषून घेते. म्हणजे आपल्याला दिसणारा काळेपणा ही त्या जीवांनी उन्हापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी उभारलेली छत्री आहे. उन्हाळ्यात हे जीव पार वाळतात, पापडासारखे होतात, पण मरत नाहीत. जूनमध्ये पहिल्या सरी पडल्या, की थोड्याच वेळात फुगून पुन्हा प्रकाशसंश्लेषण सुरू करतात. ओडिशातल्या जुन्या दगडी देवळांवरचा काळा थरही मोठ्या प्रमाणावर याच मंडळींचा आहे.

यांच्या पाठोपाठ हिरवे शैवाल येते, बुरशी येते. कुठे शेवाळी म्हणजे मॉसची मखमल धरते, तर कुठे दगडफूल. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो त्याचीच ही भावंडे: बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार. शेवटी भेगेत पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे किंवा उंबराचे बी रुजते, आणि मग मात्र प्रकरण भिंत फोडण्यापर्यंत जाते.

नवी इमारत पहिली काही वर्षे स्वच्छ राहते, याचे कारण केवळ नवा रंग नव्हे. ताजा सिमेंटचा गिलावा अतिशय अल्कधर्मी असतो. त्याचा सामू साडेबाराच्या आसपास असतो. इतक्या तीव्र अल्कात हे जीव तगत नाहीत. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड गिलाव्यातल्या चुन्याशी हळूहळू संयोग पावतो, चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि पृष्ठभागाचा सामू उतरत उतरत नऊच्या खाली येतो. मग दार उघडते. बाहेरच्या रंगात घातलेले शैवालनाशकही दर पावसात थोडेथोडे धुऊन जाते आणि काही वर्षांत संपते. दोन्ही रक्षक निघून गेले, की पहिल्या चांगल्या पावसाळ्यात भिंत काळी पडते आणि रहिवासी रंगाच्या कंपनीला दोष देतात.

शाळेच्या इमारतीभोवती मुलांना घेऊन एक फेरी मारावी आणि चारही बाजूंचे काळे भाग कागदावर काढून घ्यावेत. पुण्यात मोसमी वारे पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतात, त्यामुळे पावसाचा मारा त्या बाजूच्या भिंतींवर अधिक. उत्तरेकडच्या भिंतीवर मारा कमी, पण ती वाळतच नाही. वर्षातले बहुतेक महिने दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तेवढा तो उत्तरेला असतो, आणि त्यातला बराच काळ आभाळ ढगांनी भरलेले असते. एकीकडे जास्त पाणी, दुसरीकडे कमी ऊन, परिणाम एकच. झाडाची सावली, शेजारच्या इमारतीची आडकाठी आणि वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांतून ठिबकणारे पाणी यांनी नकाशा बदलतो, आणि तो का बदलला हे शोधण्यात मुले रमतात.

डाग सजीव आहे की काजळी, हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून शिक्षकांनी स्वतः काळ्या डागावर कपडे धुण्याच्या पातळ ब्लीचचे दोन-चार थेंब टाकावेत. पाच-दहा मिनिटांत तेवढी जागा फिकट पडली, तर थर सजीवांचा. जशीच्या तशी राहिली, तर काजळी, धूळ किंवा गंज. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर डाग किंचित खरवडून पाण्याच्या थेंबात पाहावा. निळसर-हिरवे तंतू आणि गोल पेशींचे पुंजके दिसतील.

भिंतीवर पांढरी पिठासारखी भुकटी असेल, तर तो लोणा. तो धुऊन जात नाही, उलट वाढतो. गिलाव्यातले आणि विटांतले क्षार पाण्यात विरघळून बाहेर येतात, पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यावर पाणी मारणे म्हणजे क्षारांना पुन्हा आत पाठवणे. लोणा कोरड्या ब्रशाने झाडावा आणि ओल कुठून येते ते पाहावे.

जोर, आम्ल आणि ब्लीच

आता धुणाऱ्यांच्या साधनांकडे वळू. पहिले साधन म्हणजे जेट मशीन. घराच्या गच्चीवरची टाकी जमिनीपासून बारा मीटर उंच असेल, तर तळमजल्याच्या नळाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वा किलो दाब मिळतो. जेट मशीनचा दाब शंभर ते दीडशे किलो असतो. शंभर किलो दाब म्हणजे एक किलोमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. अकरावीचे विद्यार्थी बर्नुलीचे सूत्र वापरून या पाण्याचा वेग काढू शकतात: तोटीपाशी तो सेकंदाला सुमारे १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर भरतो. तोटी भिंतीपासून अर्धा मीटर दूर आणि फवारा पंख्यासारखा रुंद असेल, तर हा जोर विखुरतो. तोटी सरळ रेषेत मारणारी आणि वीतभर अंतरावर असेल, तर तीच धार रंग सोलते, गिलावा उकरते आणि भेगेतून पाणी भिंतीच्या गाभ्यात घुसवते. काम संपल्यावर भिंत लखलखीत दिसते. आतल्या खोलीत ओल उमटते ती दोन आठवड्यांनी, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात.

शिवाय धारेने वरचा थर उडतो, पण सूक्ष्म छिद्रांतले जीव तिथेच राहतात. खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर धूळ आणि पाणी अधिक टिकते. जोरावर धुतलेली भिंत पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत आधीपेक्षा लवकर काळी पडते, ती यामुळे.

पुण्यात हा विषय नाजूक होतो तो जुन्या बांधकामांमुळे. इथला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. तो पाण्याच्या धारेला सहज दाद देत नाही. पण दगडांच्या सांध्यांतल्या दर्जा चुन्याच्या असतात, आणि धार बरोबर तिथेच काम करते. शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे. पेठांतल्या जुन्या वाड्यांतही जोते दगडी आणि वरच्या भिंती चुन्यात रचलेल्या विटांच्या आढळतात. कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, विटांचेच. भाजलेल्या विटेची बाहेरची कातडी कठीण आणि आतला भाग त्या मानाने मऊ असतो. ती कातडी धारेने एकदा निघाली, की वीट पाणी पिऊ लागते आणि कातडी परत आणता येत नाही. वाडा ज्यांच्या मालकीचा आहे त्यांनी मशीन दारातच थांबवावे. मऊ ब्रश, साधे पाणी आणि वेळ यांवर काम भागवावे. ताजमहालाचा संगमरवर उजळण्यासाठी पुरातत्त्व खाते मुलतानी मातीचा लेप लावते. लेप वाळताना मळ शोषून घेतो, मग तो पाण्याने काढतात. तिथे घाई चालत नाही.

दुसरे साधन ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. लिंबाचा रस चुन्याच्या पापुद्र्यावर टाकला तर बुडबुडे येतात, हे वर्गात सहज दाखवता येते. तीच क्रिया भिंतीवर होते. आम्ल डाग विरघळवत नाही. डाग ज्यावर बसला आहे तो गिलावाच विरघळवते, आणि डाग त्याच्यासोबत वाहून जातो. मळलेला सदरा स्वच्छ करायला वरचे कापड तासून काढावे, तसा हा प्रकार. त्यातून तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेते, आणि त्यातला क्लोराइड भेगांतून आतल्या सळईपर्यंत पोचला, तर तिला गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, म्हणून फुगणारी सळई वरचे काँक्रीट फोडते. जुन्या इमारतींच्या छज्ज्यांचे पोपडे रस्त्यावर पडतात, त्यामागे हीच गंजण्याची क्रिया असते. बाहेरच्या गिलाव्याला ॲसिड लावू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे साधन ब्लीच: सोडियम हायपोक्लोराइट, ज्याला कामगार नुसते ‘हायपो’ म्हणतात, किंवा ब्लीचिंग पावडर. साध्या गिलाव्याच्या आणि रंगाच्या भिंतीसाठी हेच त्यातल्या त्यात शहाणपणाचे साधन, कारण ते भिंतीऐवजी जिवांवर काम करते. बाजारातले घरगुती द्रावण साधारण चार-पाच टक्क्यांचे असते. एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी घेतले, की सुमारे एक टक्का होते. आधी भिंत ओली करावी. मग द्रावण खालून वर लावत जावे, कारण वरून लावल्यास कोरड्या भागावर ओघळ उतरून त्यांचे पट्टे उठतात. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, द्रावण वाळू देऊ नये, आणि मऊ ब्रश फिरवून वरून खाली भरपूर पाण्याने, हलक्या दाबाने धुवावे. उन्हाच्या माऱ्यात हे काम करू नये. ऊन ब्लीचचे विघटन करते. पायथ्याची झाडे आधी पाण्याने चिंब करून झाकावीत. खिडक्यांचे ॲल्युमिनियम आणि ग्रिल लगेच धुऊन घ्यावे. जुन्या दगडी वास्तूंसाठी मात्र ब्लीचही टाळतात, कारण मागे क्षार राहतात. तिथे संवर्धनाचे जाणकार क्वाटर्नरी अमोनियम जातीची जंतुनाशके वापरतात.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ॲसिड आणि ब्लीच ही दोन्ही एकाच कामावर असतील, तर धोका फार मोठा आहे. एकाने डाग गेला नाही म्हणून कामगार त्याच ओल्या भिंतीवर दुसरे मारतो किंवा उरलेले एकाच बादलीत ओततो. दोहोंचा संयोग होताच क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्र येथे शस्त्र म्हणून वापरला गेला, तोच हा वायू. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने वर उडून जात नाही, खाली उतरतो. दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात किंवा संडास-न्हाणीघरांच्या डक्टमध्ये उतरलेल्या कामगाराला तो गाठतो, आणि तळमजल्याच्या खिडक्यांतून घरात शिरतो. ब्लीचमध्ये अमोनिया असलेला क्लीनर मिसळला तर क्लोरामाइन वायू तयार होतात. तेही फुप्फुसांना घातक. यांतला कोणताही प्रयोग वर्गात करून दाखवू नये. समीकरण फळ्यावर लिहावे, तेवढे पुरे.

काम देण्यापूर्वी

ज्याला काम द्यायचे त्याला चार-पाच प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. कोणते रसायन आणणार, त्याचे नाव दरपत्रकात लिहून मागावे. ‘स्पेशल केमिकल’ हे उत्तर घेऊ नये. दाब किती आणि तोटी कोणती, हेही लिहून घ्यावे. मागच्या बाजूला, कोणाच्या नजरेत न येणाऱ्या जागी, एक चौरस मीटरचा तुकडा धुऊन दाखवायला सांगावे आणि पूर्ण वाळल्यावरच निर्णय घ्यावा, कारण ओली भिंत नेहमीच चांगली दिसते. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांच्यावर जेट अजिबात नको. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याचे सूक्ष्म तंतू फवाऱ्याबरोबर पसरून फुप्फुसांत जातात. जुना तेलरंग कोरडा घासून काढू नये. घरगुती रंगांतले शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे लागू झाला तो २०१७च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या थरांत किती शिसे आहे हे पाहून कळत नाही. कबुतरांची विष्ठाही आधी ओली करून मगच काढावी आणि नाकातोंडावर चांगला मास्क असावा, कारण वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचे विकार होतात.

पाण्याचाही हिशोब मांडून पाहावा. लहान जेट मशीन मिनिटाला सात लिटर पाणी घेते असे धरले, तर सहा तासांत अडीच हजार लिटर. साध्या नळीपेक्षा हे कमीच, पण खडकवासल्याच्या साखळीत पाणी बेताचे असेल त्या उन्हाळ्यात हे काम काढू नये. पाऊस संपल्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, भिंत धुवावी. पुढे रंग द्यायचा असेल तर ती वाळायला कोरडे महिने मिळतात. धुतलेले पाणी कुठे जाते? ते अंगणातल्या पावसाळी गटारात गेले, तर नाल्यातून थेट मुळा-मुठेत पोचते. म्हणून रसायन कमीत कमी वापरावे, आणि उरलेले गटारात ओतून न देता परत घेऊन जाण्याची अट घालावी.

कामगार झुल्यावर असो की परांचीवर, दोराचा वरचा आधार कशाला बांधला आहे हे समितीच्या एका माणसाने गच्चीवर जाऊन स्वतः पाहावे. जुन्या कठड्याला किंवा पाण्याच्या पाइपाला बांधलेला दोर हा आधार नव्हे. कमरेचा पट्टा झुल्याच्या दोराला न बांधता वेगळ्या दोराला बांधलेला असावा, म्हणजे एक तुटला तरी दुसरा धरतो. सर्वांत कमी दराच्या दरपत्रकात बहुधा हाच दुसरा दोर वगळलेला असतो.

एवढे करूनही तेच पट्टे दोन वर्षांत परत येऊ शकतात, कारण जीव मारले तरी पाण्याची वाट तशीच असते. पुढच्या जुलैत, पाऊस चांगला लागलेला असताना, छत्री घेऊन इमारतीभोवती फिरावे. कठड्याच्या माथ्याचा उतार बाहेर आहे का? तो आत, गच्चीकडे हवा. पाइपाचे तोंड भिंतीला चिकटून आहे का? ते वीतभर पुढे काढावे. छज्ज्याच्या कडेवरून उतरलेले पाणी खाली न पडता छज्ज्याच्या खालच्या अंगाने चिकटून भिंतीकडे येते. कपातून बशीत चहा ओतताना तो कपाच्या अंगावरून ओघळतो, तसेच. यावर जुना आणि स्वस्त उपाय आहे. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून दोन-तीन बोटे आत, बोटभर रुंदीची एक सलग खाच ठेवतात. चिकटून आलेल्या पाण्याला ती ओलांडता येत नाही आणि ते तिथूनच थेंबाथेंबाने खाली पडते. अनेक इमारतींत ही खाच बांधतानाच राहून गेलेली असते किंवा रंगाच्या थरांनी बुजलेली असते. भिंत धुण्यासाठी परांची उभी असते, तेव्हाच गवंड्याकडून ती करून घ्यावी. त्यासाठी पुन्हा परांचीचा खर्च येत नाही.